सणांच्या दिवसांत घरातील वडीलधारी माणसे : हरतालिकेपासून भाऊबीजेपर्यंतची तयारी

"आई, तुम्ही आता काही करू नका, नुसत्या बसून राहा." गौरी-गणपतीच्या दिवसांत हे वाक्य कितीतरी घरांत ऐकू येते, आणि ते उच्चारणाऱ्याच्या मनात काळजीखेरीज काही नसते. आमच्या घरीही एका वर्षी ते उच्चारले गेले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या त्या पहिल्या गौरी होत्या. सासूबाईंना बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीवर बसवले, हातात चहाचा कप दिला आणि आम्ही सगळ्याजणी सोळा भाज्या निवडण्याच्या मागे लागलो. संध्याकाळी त्यांनी पुरणपोळीचा एक घास घेतला आणि ताट बाजूला सारले. पाय दुखत नव्हता. ज्या घरात चाळीस वर्षे त्यांनी गौरी उभ्या केल्या, त्या घरात त्या दिवसभर पाहुण्यासारख्या बसल्या होत्या.

पुढल्या वर्षीपासून आम्ही तयारीचा क्रम बदलला. सणातून ज्येष्ठांना बाजूला काढायचे नाही, तर सणाची मांडणी अशी करायची की यजमानपण त्यांच्याकडे राहील आणि अंगमेहनत व धोका तेवढा त्यांच्यापासून दूर जाईल. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका हिशेबाने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी : महिनाभर आधी, नेमके प्रश्न विचारून बोलणे

"यंदा जमेल ना?" या प्रश्नाचे उत्तर "न जमायला काय झाले" असे येते किंवा "आता माझे काय राहिले आहे" असे येते, आणि दोन्ही उत्तरांतून नियोजनाला काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी प्रश्न कामाचे विचारावेत. भाजणी किती किलोची करायची, मोदक तळणीचे की उकडीचे, गौरींना साडी कोण नेसवणार, आरतीला किती वेळ उभे राहवते, कोणते नातेवाईक यावेत असे वाटते आणि कोणते आले की थकवा येतो, असे विचारले की खरी माहिती आपोआप बाहेर पडते. शेवटचा प्रश्न एकट्यात विचारावा.

अनेक ज्येष्ठांना सणाचा व्याप कमी व्हावा असे स्वतःलाच वाटत असते. पण रीत आपल्या हातून मोडली असे होऊ नये, या धास्तीने ते बोलत नाहीत. पाच दिवसांचा गणपती दीड दिवसाचा करावा का, उभ्या गौरींऐवजी खड्यांच्या गौरी आणाव्यात का, असे प्रश्न सुनेने किंवा मुलाने थेट मांडले तर ते अपमानासारखे लागण्याची शक्यता असते. अशा वेळी घरच्या गुरुजींना बोलावून ज्येष्ठांच्या समोर विचारावे. पुष्कळदा गुरुजीच सोपा मार्ग सांगतात आणि निर्णय घेतल्याचा मान घरातल्या मोठ्या माणसाकडे राहतो. निर्णय मात्र त्यांचाच असावा. सण लहान करण्याचे परस्पर ठरवून मग कळवणे हे "नुसत्या बसून राहा" याचेच दुसरे रूप आहे.

बोलून ठरले ते कागदावर लिहावे आणि कागद फ्रिजवर लावावा. कोणते काम कोणाचे, कोणत्या दिवशी, हे त्यात असावे, आणि ज्येष्ठांचे नाव त्यात कामासमोर लिहिलेले असावे.

दुसरी पायरी : औषधे, कागद आणि डॉक्टरांच्या सुट्ट्या

दिवाळीच्या चार-पाच दिवसांत बरेचसे दवाखाने बंद असतात, औषधांची दुकानेही अर्धा दिवस उघडी असतात, आणि नेमके त्याच दिवसांत जागरण, गोडधोड आणि धूर एकत्र येतात. म्हणून सणाच्या किमान आठ-दहा दिवस आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे एक खेप करावी. उपवास केला तर कोणती गोळी कमी करायची, साखर किंवा रक्तदाब किती झाला की वाट न पाहता रुग्णालय गाठायचे आणि डॉक्टर सुट्टीवर असताना कोणाला दाखवायचे, ही तीन उत्तरे लिहून आणावीत. औषधे पंधरा दिवस पुरतील इतकी आणून ठेवावीत. दम्याचा पंप वापरणाऱ्यांसाठी एक जादा पंप घ्यावा, कारण तो संपत आल्याचे बहुधा रात्रीच लक्षात येते.

एका कागदावर मोठ्या अक्षरांत देवनागरीत औषधाचे नाव, मात्रा, वेळ, जेवणाआधी की नंतर, कशाची ॲलर्जी आहे आणि कोणत्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत, हे लिहून ठेवावे. त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा. याच कागदाखाली १०८ (रुग्णवाहिका), ११२ (आपत्कालीन मदत) आणि १४५६७ (ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन) हे क्रमांक लिहावेत. वय ७० किंवा अधिक असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढले आहे का, हेही याच वेळी पाहावे. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या धनत्रयोदशीलाच, सुरू झालेल्या या योजनेत उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतील रुग्णालयांत मिळतात. कार्ड काढायला आधार लागते. अंगठ्याचे ठसे उमटत नसतील तर वेळ जातो, म्हणून हे काम ऐन सणात काढू नये.

एक गोष्ट मात्र घरातल्या मुलांसकट सर्वांना पाठ असावी. चेहरा एका बाजूला वाकडा झाला, एक हात उचलला जात नाही किंवा बोलणे अचानक अडखळू लागले, तर तो पक्षाघाताचा झटका समजावा, लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी आणि तडक मोठे रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते. "आरती होऊ दे, मग बघू" यात तो वेळ निघून जातो.

तिसरी पायरी : घराची मांडणी

सणासाठी घर आवरताना सामानाच्या जागा बदलतात, आणि ज्येष्ठ पडतात ते पुष्कळदा या बदललेल्या जागांमुळे. मखरासाठी सोफा सरकवला जातो, विजेच्या माळेची वायर दारातून आडवी जाते, बाथरूमच्या वाटेवर फराळाचे डबे येतात. रात्री उठून डोळे मिटूनही जी वाट त्यांना चालता येते, ती पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट सणातही तशीच मोकळी ठेवावी. वायर भिंतीच्या कडेने नेऊन चिकटपट्टीने बसवावी. उंबरठ्यावरची रांगोळी, विशेषतः संगमरवरी किंवा गुळगुळीत फरशीवरची, चालण्याच्या रेषेतून थोडी बाजूला काढावी. कोरडी रांगोळी पायाखाली वाळूसारखी सरकते.

माळ्यावरची भांडी काढणे, जळमटे झाडणे ही कामे ज्येष्ठ घरात नसताना उरकली तर उत्तम. दमा असलेल्या माणसाला फटाक्यांच्या आधी ही धूळच आजारी पाडते.

पूजेच्या जागी हात असलेली, न हलणारी खुर्ची ठेवावी. पाटावर बसणे जमत नसेल तर पूजेचा चौरंग उंच करावा, म्हणजे खुर्चीत बसून अक्षता वाहता येतात. समई आणि निरांजन हात लांब केल्यावर पदर वरून जाणार नाही अशा बाजूला असावे. भाजलेच तर त्या जागेवर वीस मिनिटे नळाचे साधे पाणी वाहू द्यावे. हळद, टूथपेस्ट, तूप यांतले काही लावू नये.

चौथी पायरी : कामाची वाटणी

माझ्या मते साऱ्या तयारीचा कणा हाच आहे, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहिते.

ज्येष्ठांना द्यायच्या कामाला चार कसोट्या लावाव्यात. ते बसून करता यावे, आगीजवळचे नसावे, अर्ध्या-पाऊण तासात थांबवता यावे आणि त्यात त्यांची जाणकारी लागावी. चौथी कसोटी बहुतेक घरांत विसरली जाते. नुसता लसूण सोलायला देणे म्हणजे त्यांना गुंतवून ठेवणे झाले; चकलीच्या पिठात मोहन पुरेसे आहे का, हे पीठ मुठीत दाबून सांगायला लावणे म्हणजे काम देणे झाले. चकल्या तेलात विरघळू लागल्या की शेवटी हाक त्यांनाच मारली जाते, मग ती आधीच का मारू नये?

अशी कामे पुष्कळ आहेत. गणपतीसाठी एकवीस दूर्वांच्या जुड्या बांधणे, कापसाची वस्त्रे आणि फुलवाती करणे, मोदकाच्या कळ्या पाडणे, करंजीला मुरड घालणे, बेसन भाजून झाले की त्याच्या वासावरून गॅस बंद करायला सांगणे, अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवताना रोज पाणी बदलले जाते की नाही यावर लक्ष ठेवणे. पुरुषांना सणाच्या कामातून वगळण्याची आपल्याकडे सवयच आहे. पण आजोबांकडे आकाशकंदिलाच्या कामट्या, पंचांगातल्या वेळा, भाऊबीजेच्या ओवाळणीची पाकिटे आणि फराळाचे डबे कोणाकोणाकडे जायचे ती यादी सोपवता येते. गौरींचे आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठावर आणि विसर्जन मूळ नक्षत्रावर होते, त्यामुळे दरवर्षी वेळा बदलतात. त्या काढून सर्वांना कळवण्याचे काम त्यांचे.

अवजारेही हाताला झेपणारी हवीत. पितळी सोऱ्या फिरवायला मनगटात जोर लागतो, तो सांधेदुखीच्या हाताला नको. पीठ मळून देणे आणि सोऱ्या फिरवणे ही कामे तरुण हातांची. ज्येष्ठांनी चकलीची तार पाहून पिठात पाण्याचा हात लावायचा की नाही ते सांगावे. तळणाच्या वेळी त्यांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवावी, म्हणजे नजर कढईवर राहते आणि धूर व उडणारे तेल दूर राहते. काम सकाळी ठेवावे, कारण दुपारनंतर थकवा वाढतो आणि चूक झाली की ती त्यांच्या मनाला फार लागते.

चुकांबद्दल एक नाजूक बाब सांगायला हवी. वयानुसार बोटांतला जोर कमी होतो आणि करंजीची मुरड सैल पडते. अशी करंजी तेलात फुटते, सारण बाहेर येते आणि सगळे तेल खराब होते. म्हणून त्यांच्या करंज्या त्यांच्या देखत पुन्हा मुरडून घ्याव्यात का? मुळीच नाही. सगळे तळण आटोपल्यावर त्या शेवटी तळाव्यात, म्हणजे तेलाचे नुकसान होत नाही आणि कोणाला काही बोलावे लागत नाही.

याच काळात पाककृती लिहून घ्याव्यात. "एक वाटी" म्हणजे त्यांची कोणती वाटी, हे विचारून त्या वाटीत मावणारे बेसन, रवा आणि साखर वजनकाट्यावर मोजावी व ग्रॅममध्ये लिहावी. फोनवर चित्रण करताना कॅमेरा चेहऱ्यावर न ठेवता हातांवर ठेवावा. भाजणी किती भाजायची ते तोंडी सांगण्यापेक्षा हाताच्या वेगावरून अधिक कळते.

पाचवी पायरी : गावी जाण्याचा प्रवास

मुंबई-पुण्याहून कोकणात गणपतीला जाणाऱ्या घरांना हा भाग माहीत आहेच, तरी ज्येष्ठ बरोबर असताना काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते आणि चतुर्थीच्या गाड्या पाहता पाहता भरतात. एकटे किंवा दोघेच प्रवास करणाऱ्या ६० वर्षांवरील पुरुषांना आणि ४५ वर्षांवरील स्त्रियांना खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. मोठ्या कुटुंबाच्या एकाच तिकिटात त्यांचे नाव घातले तर तो हातचा जातो, म्हणून आजी-आजोबांचे तिकीट स्वतंत्र काढावे आणि इतरांनी जवळच्या डब्याचा प्रयत्न करावा. ज्येष्ठांना भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून रेल्वेने थांबवलेली आहे. एसटीत मात्र ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात मोफत प्रवास आहे आणि ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे आहे. वयाचा पुरावा जवळ ठेवावा.

मोटारीने जायचे असेल तर भर गर्दीचा दिवस टाळून ज्येष्ठांना दोन-तीन दिवस आधी पोहोचवावे. महामार्गावर स्वच्छतागृहाची सोय कोठे आहे ते आधी ठरवले नाही तर म्हातारी माणसे पाणी पिणेच बंद करतात, आणि कोंडीत दहा-बारा तास असे गेले की चक्कर, उन्हाळी लागणे, बद्धकोष्ठ हे ओघाने येते. दर दोन तासांनी थांबून पाय मोकळे करावेत. इन्सुलिन थंड पिशवीत ठेवावे, पण बर्फाला थेट टेकू देऊ नये. गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते.

गावच्या घरात भाद्रपदात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असते आणि न्हाणीघर मागीलदारी असते. शेजाऱ्यांना फोन करून पायऱ्या घासून घेण्यास आणि चुना मारण्यास सांगावे. रात्रीसाठी पलंगाजवळ कमोडची खुर्ची न्यावी. लाज वाटेल म्हणून ती नेली जात नाही, आणि मग अंधारात, पावसात, कंदील हातात घेऊन मागीलदारी जाणे होते.

सहावी पायरी : उपवास

उपवासाबद्दल "करू नका" असे सांगणे सर्वांत निरुपयोगी आहे. पन्नास वर्षे हरतालिका निर्जळ केलेल्या बाईला डॉक्टरांचे भय दाखवले, तर ती उपवास करते आणि लपवते, आणि लपवलेला उपवास अधिक धोक्याचा असतो. त्यापेक्षा परंपरेतल्याच सवलती पुढे कराव्यात. नवरात्रात नऊ दिवस जमत नसतील त्यांच्यासाठी "उठता-बसता" उपवास आहे, म्हणजे घट बसतात त्या दिवशी आणि उठतात त्या दिवशी. धान्य भाजून खाण्याचा धान्यफराळ आहे, एकभुक्त आहे, आणि घरातल्या दुसऱ्या कोणी उपवास पुढे चालवण्याची रीतही आहे. सुनेने किंवा मुलाने "यंदा निर्जळ मी धरतो, तुम्ही फराळाचा धरा" असे म्हटले की ते पुष्कळदा मानले जाते.

मधुमेह असेल तर दोन बाजूंनी त्रास होतो. नुसता उपास पडला आणि गोळी मात्र घेतली, तर साखर खाली जाते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांत हा धोका विशेष असतो. उलट साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि गोड रताळे एकाच ताटात आले की साखर वर जाते, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडी वाटीभर घेऊन तिच्याबरोबर दही, काकडीची कोशिंबीर, शेंगदाणे घ्यावेत. राजगिरा, वरीचे तांदूळ आणि दूध यांवर भर द्यावा. दर तीन-चार तासांनी थोडे खावे. घाम, थरथर, गोंधळून बोलणे अशी लक्षणे दिसली तर साखर तपासावी. ती ७० च्या खाली असेल, किंवा तपासण्याची सोय नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि त्या दिवसाचा उपवास तिथे संपला असे समजावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये. १०८ ला फोन करावा.

रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांनी निर्जळ उपवास करूच नये. शरीरातले पाणी कमी होऊन उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मूत्रपिंडावर ताण पडतो. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना तर उपवासाचे नेहमीचे पदार्थच अडचणीचे असतात, कारण शहाळे, केळे, बटाटा, रताळे आणि खजूर या साऱ्यांत पोटॅशियम भरपूर असते. सैंधव चालते असा एक समज आहे; पण सैंधव हेही मुख्यतः मीठच आहे आणि रक्तदाबाला ते वेगळे वागवत नाही.

भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या घटना महाराष्ट्रात उपवासांच्या दिवसांत वारंवार घडल्या आहेत. दमट हवेत तिला बुरशी लागते. सुटे किंवा जुने पीठ आणू नये. सीलबंद भगर आणून, निवडून, धुऊन, लागेल तेवढीच दळावी आणि शिजवलेली त्याच दिवशी संपवावी.

सातवी पायरी : दिवाळीची पहाट आणि फटाके

नरक चतुर्दशीचे अभ्यंगस्नान म्हणजे पहाटेचा अंधार, तेलकट अंग, ओली फरशी, गरम पाणी आणि रिकामे पोट. ज्येष्ठ पडण्यासाठी याहून पुरेपूर जुळणी सापडणे कठीण आहे. तरीही ते टाळू नये, क्रम बदलावा. तेल खोलीत खुर्चीवर बसवून लावावे, तळव्यांना लावू नये, आणि लावल्यास टॉवेलने पुसून रबरी तळाच्या चपला घालूनच न्हाणीघरात न्यावे. आत रबरी पायांचे स्टूल आणि फरशीवर जाळीचा रबरी पट्टा असावा. टॉवेलची दांडी आधारासाठी नसते, ती माणसाच्या वजनाने निघून येते. भिंतीत खोल बसवलेला आधाराचा दांडा सणाआधीच लावून घ्यावा. पाण्याची उष्णता दुसऱ्याने पाहावी, कारण जुन्या मधुमेहात पायांना चटका जाणवत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर डोक्यावरून पाणी घेऊ नये. स्नानानंतर झटकन उभे न राहता दोन मिनिटे बसावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी स्नानाला किती वेळ लागणार हे पाहून आधी थोडे खाऊन घ्यावे. स्नान सूर्योदयानंतर झाले तरी चालेल.

कोकणात आणि गोव्यात तुळशीपाशी पायाखाली कारीट (एक लहान कडू फळ) चिरडण्याची रीत आहे. क्षणभर का होईना, त्यासाठी एका पायावर तोल सांभाळावा लागतो. तेव्हा शेजारी खुर्ची आणि खांद्याला एक हात असावा.

फटाक्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ घालून दिली, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाचे फटाके वाजवण्यास त्याआधीपासूनच बंदी आहे. हा नियम किती पाळला जातो, हे प्रत्येकाला आपल्या गल्लीवरून माहीत आहे. म्हणून सोसायटीच्या सभेत आधीच बोलून फटाक्यांची जागा इमारतीपासून लांब ठरवून घ्यावी. संध्याकाळी सात वाजण्यापूर्वी खिडक्या बंद कराव्यात, फटीला ओला टॉवेल लावावा, आणि सर्वांत आतल्या खोलीत ज्येष्ठांची बैठक हलवावी. दमेकऱ्यांनी या दिवसांत नियमित पंप चुकवू नये. बाहेर जावेच लागले तर एन-९५ मास्क घालावा. साध्या रुमालाने सूक्ष्म धूर अडत नाही. घरातला धूप आणि उदबत्ती हाही धूरच आहे, हे मात्र देवघरासमोर हळुवारपणे सांगावे लागते.

आठवी पायरी : पाहुणे, गोंगाट आणि विसर

श्रवणयंत्र वापरणाऱ्या माणसाला दहा जण एकदम बोलू लागले की काहीच समजत नाही, आणि ते हसून मान हलवत राहतात. त्यांची जागा भिंतीला पाठ करून, कोपऱ्यात आणि उजेडात द्यावी, म्हणजे मागचा गलका कमी होतो आणि समोरच्याचे ओठ दिसतात. पाहुण्यांनी एकेकट्याने शेजारी बसून बोलावे. दुपारी एक ते चार या वेळात कोणी येणार नाही, असे सर्वांना आधीच कळवावे. हा निरोप मुलाने द्यावा, ज्येष्ठांना वाईटपणा घ्यायला लावू नये.

स्मृतिभ्रंश असेल तर बदललेले घर आणि अनोळखी चेहरे यांमुळे संध्याकाळी अस्वस्थता वाढते. त्यांची खोली सजवू नये, जशी आहे तशी ठेवावी. "मला ओळखलेत का?" ही परीक्षा कोणी घेऊ नये, आल्याबरोबर स्वतःचे नाव आणि नाते सांगावे. विसर्जनाच्या गर्दीत नेताना खिशात नाव-पत्ता-फोनची चिठ्ठी असावी. आणि एक हात कायम हातात असावा.

नववी पायरी : जोडीदार गेल्यानंतरचा पहिला सण

ज्या वर्षी घरात मृत्यू झाला त्या वर्षी अनेक घरांत कढई चढत नाही, आणि शेजारी-नातेवाईक फराळाचे डबे आणून देतात. ही रीत जपावी, पण डबा दारात देऊन परत फिरू नये. आत येऊन तासभर बसावे आणि गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे. नाव टाळणारेच अधिक भेटतात.

विधवा आजींना हळदीकुंकू, औक्षण यांपासून दूर ठेवण्याची प्रथा अजून पुष्कळ ठिकाणी चालते, आणि कित्येकदा त्या स्वतःच मागे सरतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. घरात ठरावाची गरज नाही. पाडव्याला आणि भाऊबीजेला पहिले औक्षण आजींनीच करावे, असे मुलाने किंवा नातवाने पाटावर बसून म्हणावे. त्या नाही म्हणाल्या तर ओढू नये, ताट मात्र त्यांच्याच हातात द्यावे. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ उडालेली असेल तर डॉक्टरांना दाखवावे. १४४१६ या टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

दहावी पायरी : मुले दूर असतील तर

परदेशी असलेल्या मुलांनी फोनची वेळ ठरवून सांगावी, आणि ती पाळावी. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात, त्यामुळे न्यूयॉर्क आणि भारत यांतले अंतर साडेनऊ तासांवरून साडेदहा तासांवर जाते. दिवाळी याच सुमारास येते आणि फोनची वेळ एका तासाने हुकली की इकडे कोणीतरी चिंतेत बसते. व्हिडिओ कॉल नुसत्या चौकशीसाठी न करता कामासाठी करावा: लक्ष्मीपूजनाची मांडणी दाखवून काय राहिले ते आईला विचारावे, चकलीचे पीठ कॅमेऱ्यासमोर धरावे.

सणाच्या सवलती, कुरिअरचे अडलेले पार्सल, बक्षीस लागल्याचा निरोप अशा नावांनी फसवणारे फोन या दिवसांत वाढतात. ओटीपी सांगायचा नाही आणि अनोळखी लिंक उघडायची नाही, हे आधी बोलून ठेवावे. पैसे गेलेच तर रागावण्यात वेळ न घालवता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. रागावलेल्या माणसापासून ज्येष्ठ पुढची फसवणूकही लपवतात.

भाऊबीज झाल्यावर

बॅगा भरल्या जातात, डबे बांधले जातात, आणि दोन दिवसांत घर रिकामे होते. या आठवड्यात साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. चिवडा आणि शेव दातांच्या कवळीला आणि मिठाच्या पथ्याला झेपेल एवढीच मागे ठेवावी, बाकी बरोबर न्यावी. तुळशीचे लग्न कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कधीही लावता येते. त्यासाठी ऊस, चिंचा-आवळे आणि वृंदावनाला गेरू आणून ठेवावा, आणि गावातल्या किंवा इमारतीतल्या कोणा मुलाला त्या संध्याकाळी यायला सांगावे. निघण्यापूर्वी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पुढच्या भेटीची तारीख पेनाने लिहावी. आमच्या सासूबाई त्या तारखेभोवती स्वतःच्या हाताने गोल काढतात आणि मग शेजारी बारीक अक्षरांत लिहितात, "पुरणाची डाळ आणणे".